रेशनच्या तांदळातले लोह सिकलसेलच्या रुग्णाला चालते का?

रेशनचा तांदूळ निवडताना सुपात काही दाणे वेगळे दिसतात. थोडे पिवळसर, एकाच मापाचे, आणि पाण्यात टाकले की त्यातले काही तरंगतात. ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून ते वेचून फेकले जातात. ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-12 मिसळून यंत्राने बनवलेले ते दाणे आहेत. शंभर साध्या दाण्यांमागे साधारण एक असतो. ज्या घरात कुणाला सिकलसेल नाही, तिथे ते वेचू नयेत, एवढे सांगून थांबता येते.

पण चिमूर, नागभीड, सिंदेवाही आणि पुढे गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेलची घरे पुष्कळ आहेत. तिथला प्रश्न वेगळा आहे: ‘डॉक्टर, याला लोह चालत नाही म्हणतात, मग हा भात खाऊ घालू की नको?’

गोंधळ लोकांनी केलेला नाही. केंद्राच्या 2019-20 च्या पथदर्शी योजनेत महाराष्ट्रातून गडचिरोली जिल्हा निवडला गेला. 15 ऑगस्ट 2021 रोजी पंतप्रधानांनी सर्व सरकारी योजनांतून असाच तांदूळ देण्याची घोषणा केली. त्या वेळी नियमानुसार पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक होते, की सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्न खाऊ नये. रेशन दुकानात तांदूळ पोत्यातून सुटा मोजून मिळतो. पोत्यावरचा इशारा पिशवीत येत नाही. ज्यांच्यासाठी तो होता, त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो वाचलाच नसेल. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तज्ज्ञ समितीने धोक्याचा पुरावा नसल्याचे सांगितले आणि 2024 मध्ये इशाऱ्याची अट काढली गेली. माझ्या मते वैद्यकीय निर्णय पटण्याजोगा आहे. तो गावात कुणी समजावून सांगितला नाही, ही खरी चूक.

का पटतो, ते शरीराच्या हिशेबातून कळते. मोठ्या माणसाच्या अंगात सगळे मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असते, त्यातले बहुतेक रक्ताच्या तांबड्या पेशींत. रोज लागणारे 20 ते 25 मिलिग्रॅम लोह शरीर जुन्या पेशी मोडून स्वतःच परत मिळवते. जेवणातून आत घेतले जाते ते फक्त 1 ते 2 मिलिग्रॅम. आणि नको असलेले लोह बाहेर टाकायची सोय शरीरात जवळजवळ नाही. म्हणून सगळा पहारा आत येण्याच्या दारावर. यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक तो पहारा करते. साठा भरला की ते वाढते, आतड्याचे दार मिटते. साठा आटला की ते कमी होते, दार उघडते.

आता तांदूळ मोजू. नियमानुसार एका किलोत 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असते. माणशी महिन्याला 5 किलो धान्य, आणि ते सगळे तांदूळच मिळाले असे धरले, तर दिवसाला साडेचार ते सात मिलिग्रॅम. त्यातले शंभरात पाच-दहा भाग अंगी लागले, तर पाव ते पाऊण मिलिग्रॅम. याउलट रक्ताची एक पिशवी चढवली की 200 ते 250 मिलिग्रॅम लोह सरळ शरीरात जाते, दारावरून न जाता. भातातून तेवढे साचायला वर्ष उलटेल.

त्यामुळे ज्या रुग्णाला वर्षातून अनेकदा रक्त चढते, त्याच्या नातेवाईकांनी ताटाकडे कमी आणि रक्ताच्या नोंदीकडे जास्त पाहावे. किती पिशव्या, कधी, हे वहीत लिहून ठेवा. जादा लोह यकृतात आणि हृदयात साठते. ते बाहेर काढायच्या गोळ्या वेगळ्या असतात.

दुसरी जागा म्हणजे लोहाच्या लाल गोळ्या. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. हिमोग्लोबिन 7 किंवा 8 आले की ‘रक्त कमी आहे’ म्हणून हातात गोळ्या पडतात. सिकलसेलमध्ये रक्त कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून. 120 दिवस टिकणारी पेशी 10 ते 20 दिवसांत संपते. फुटलेल्या पेशीतले लोह अंगातच राहते. तरीही ‘सिकलसेल म्हणजे लोह वर्ज्य’ हेही खरे नाही. पाळीत जास्त रक्त जाणारी, पाठोपाठ बाळंतपणे झालेली बाई सिकलसेलची रुग्ण असूनही लोहाने रिकामी असू शकते. शिवाय रक्त घाईने तयार करायची गरज दार उघडते, तर ताप आणि सूज ते मिटवते. कोणाचे काय चालले आहे, ते चेहरा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी फेरीटिन तपासावे लागते. हिमोग्लोबिनसारखी ही तपासणी सर्रास होत नाही, म्हणून स्वतःहून विचारा. अंगदुखीचा झटका किंवा ताप असताना ती करू नका. त्या दिवसांत आकडा खोटा वाढलेला येतो.

एएस, म्हणजे वाहक असणाऱ्यांना यातले कुठलेच पथ्य नाही. त्यांनी लोहाच्या गोळ्या इतरांसारख्याच घ्याव्यात. एसएस असलेल्या गरोदर बाईने गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत, आधी फेरीटिनचा आकडा डॉक्टरांना दाखवावा. फॉलिक अॅसिडची वेगळी गोळी मात्र एसएस रुग्णाने सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावी. नव्या पेशी बनवायला तीच लागते.

बाकी घराने भात खावा. सोबत तरोट्याची किंवा अंबाडीची भाजी, वर लिंबू किंवा आवळा, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. चहामुळे लोह आतड्यातच अडकते. लिंबाने ते सुटते.