गल्ली मोजा, मग गाडी बुक करा

बेंगळुरूच्या बसवनगुडीत साठ-सत्तर लाखांची लक्झरी क्रॉसओव्हर घ्यावी का, या प्रश्नावर इथल्या मराठी घरांत दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत वडीलधाऱ्यांचे. गांधी बाजारात फुले-भाजी आणायला आणि विद्यार्थी भवनात डोसा खायला माणूस पायी जातो. तिथे असली गाडी म्हणजे निव्वळ दिखावा, अंथरूण पाहून पाय पसरावेत. दुसरे मत आयटीतल्या मुलांचे आणि शोरूममधल्या विक्रेत्यांचे. विकत घेता कशाला? कंपनीमार्फत लीजवर घ्या, टॉप मॉडेल घ्या, कर वाचवा आणि चार वर्षांनी परत करून नवी आणा.

मला ही दोन्ही मते मान्य नाहीत. अशी गाडी घेण्यात गैर काही नाही. काही घरांना तिची खरी गरज आहे. पण ती स्वतःच्या पैशाने विकत घ्यावी, आकाराने आटोपशीर घ्यावी आणि निदान दहा-बारा वर्षे वापरावी.

आधी पहिल्या मताकडे वळू. त्याचा रोख साधेपणावर आहे आणि साधेपणाबद्दल मला आदर आहे. पण बसवनगुडीचा इतिहास त्या मताच्या बाजूने साक्ष देत नाही. १८९८ च्या प्लेगने पेठेतल्या दाट वस्तीत हाहाकार उडवला, त्या सुमारास म्हैसूर संस्थानाने ही वसाहत आखली. सरळ रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा, मागच्या बाजूला सफाईसाठी वेगळ्या गल्ल्या. जीव जपण्यासाठी केलेला तो खर्च होता आणि त्याला आज कोणीही उधळपट्टी म्हणत नाही.

या घरांत आज कोण राहते तेही पाहावे. मुले व्हाइटफील्डला, पुण्याला नाहीतर परदेशात. मागे सत्तरी-पंचाहत्तरीचे आईवडील. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आई सेडानमध्ये बसते तेव्हा तिचा एक हात दाराच्या चौकटीवर असतो, दुसरा मुलाच्या खांद्यावर. ती पाठमोरी होते, क्षणभर थांबते आणि मग डोळे मिटून अंग खाली सोडते. उतरताना तर दोघांनी धरून उठवावे लागते. मोठ्या, दणकट एसयूव्हीत अडचण उलटी: तिथे पायरीवर चढावे लागते आणि नेमके तेच जमत नसते. क्रॉसओव्हरची बैठक या दोन्हींच्या मधली, कमरेच्या उंचीची. टोयोटाने १९९७ मध्ये हॅरियर आणि पुढच्याच वर्षी परदेशात तीच गाडी लेक्सस आरएक्स म्हणून आणली, तेव्हापासून मोटारीच्या सांगाड्यावर उंच बॉडी बांधण्याची ही रीत आलिशान गाड्यांत रुजली. म्हाताऱ्या माणसाला आत-बाहेर करणे यात सोपे जाते, आणि माझ्या लेखी या गाडीचे पहिले समर्थन हेच आहे.

इथे वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. ते म्हणतील, हीच उंची वीस लाखांच्या क्रॉसओव्हरमध्ये मिळते, मग चाळीस लाख जास्तीचे कशाला? उत्तर सरळ आहे. ज्याचे वीस लाखांत भागते त्याने तीच गाडी घ्यावी. फरक कळतो तो मागच्या सीटवर आणि लांबच्या वाटेवर. तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव करत कोल्हापूर गाठायचे म्हणजे सहाशे किलोमीटरच्या वर अंतर. मणक्याचा त्रास असलेल्या माणसाला सीटचा आधार, खड्ड्यांचे धक्के गिळणारे सस्पेन्शन आणि आतली शांतता या गोष्टी संध्याकाळी अंथरुणावर पडताना जाणवतात. वर्षातून अनेकदा गावी जाणाऱ्या आणि ऐपत असलेल्या घराने यावर पैसे घातले तर त्याला दिखावा म्हणणे अन्यायाचे आहे.

मेट्रो असताना गाडी कशाला, असेही विचारले जाते. नॅशनल कॉलेज आणि साउथ एंड सर्कल ही स्टेशने २०१७ पासून हाताशी आहेत, आणि ऑफिसला मेट्रोनेच जावे या मताचा मीही आहे. टॉमटॉमच्या २०२४ च्या पाहणीत बेंगळुरूत दहा किलोमीटर कापायला सरासरी ३४ मिनिटे लागत होती. त्या गर्दीत रोज आणखी एक रुंद गाडी घालण्याचे समर्थन मी करणार नाही. पण मग हिशेब नीट मांडावा. गाडी रोज धावणार नसेल तर तिचे भाडे रोज का भरायचे? लीजचा मुद्दा इथेच उभा राहतो.

लीजचा खरा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाडी लीज कंपनीची असते, भाडे पगारातून कर लागण्याआधी वजा होते आणि कर्मचाऱ्याला मिळालेली सवलत म्हणून आयकराच्या नियमांनी ठरवलेली लहानशी ठरावीक रक्कमच करपात्र धरली जाते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराचे यात पैसे वाचतात. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणारच असे ज्याचे पक्के आहे, त्याला लीज परवडेलही.

पण कर्नाटकातला कर पाहा. वीस लाखांवरच्या पेट्रोल-डिझेल गाडीला इथे १८ टक्के आजीवन कर आहे, त्यावर उपकर वेगळा. साठ लाखांच्या गाडीला हे सगळे बारा लाखांच्या घरात जाते. (महाराष्ट्रात अशा पेट्रोल गाडीला १३ टक्के लागतात, पुण्याचे पाहुणे इथला आकडा ऐकून दचकतात ते उगीच नव्हे.) हा कर पंधरा वर्षांचा, एकदम भरायचा. बारा वर्षे गाडी ठेवली तर वर्षाला एक लाख पडतो, चार वर्षांत सोडली तर तीन लाख. लीजमध्ये हा बोजा नाहीसा होत नाही, मासिक भाड्यात मुरतो. विकताना थोडा भाग किमतीत परत येतो म्हणतात. पण आलिशान गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत ज्या वेगाने उतरते, त्यात तो भाग शोधूनही सापडत नाही. त्यात नोकरी सुटली किंवा बदलली की लीज मुदतीआधी मोडावे लागते आणि त्याचे शुल्क माणसाच्याच माथी येते. ज्या शहरात नोकऱ्या दोन-तीन वर्षांनी बदलतात, तिथे आईच्या गुडघ्यांसाठी घेतलेली गाडी मुलाच्या नेमणूकपत्राला बांधून टाकणे मला पटत नाही.

विकत घेण्याची ऐपत नाही पण भाडे भरता येते, म्हणून मोठी गाडी, हा विचार मला सर्वांत धोक्याचा वाटतो. तिथे वडीलधाऱ्यांचे अंथरूण-पायांचे म्हणणे अक्षरशः लागू पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह पन्नास टक्क्यांवरून सरसकट ४० टक्क्यांवर आला, तेव्हापासून शोरूममध्ये ‘आता वरचे मॉडेल घ्या’ हा आग्रह वाढला आहे. वाचलेले पैसे वाचवावेत, सनरूफमध्ये घालू नयेत.

आता वैशिष्ट्यांचे. माहितीपत्रकातली यादी लांब असते, पण बसवनगुडीच्या कामाची वैशिष्ट्ये थोडी. व्होल्व्होने २००८ च्या एक्ससी६० मध्ये कमी वेगात आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सरसकट दिली; बुल टेम्पल रोडवर स्कूटर अचानक आडवी येते तिथे तिचे मोल सगळ्यांत मोठे. चारही बाजूंचा कॅमेरा हवाच. सीट थंड करणारे पंखे मागच्या सीटलाही असतील तर उत्तम. गाडी लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा हायवेच्या कामाची. गांधी बाजारात ती बंदच ठेवावी, तिथे तिला दिसायला पांढरी रेघ कुठे आहे? चारही चाकांना ताकद पोचवणारी व्यवस्था इथे वजन वाढवण्यापलीकडे काही करत नाही. आणि वीस इंची चाके तर कटाक्षाने टाळावीत. टायरची कड जितकी पातळ, तितका खड्ड्याचा घाव थेट रिमवर. अठरा इंची चाके आणि जाड कडेचे टायर मागावेत, स्टेपनी आहे की नाही हेही विचारावे. काही गाड्यांत ती नसतेच.

स्वतःचे अंगण आणि गेट असेल तर विजेच्या गाडीचा विचार जरूर करावा. तिथे जीएसटी ५ टक्के आहे, आणि २०२४ च्या दुरुस्तीने कर्नाटकाने पंचवीस लाखांवरच्या ई-गाड्यांना लावलेला आजीवन कर १० टक्के आहे. घरी बसवलेल्या चार्जरवर रात्रीत गाडी भरते आणि शहरातल्या रखडत्या चालीत तेल जळत नाही.

पण या सगळ्याआधी रुंदी पाहावी. जुन्या बंगल्यांची गेटे अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या जमान्यातली. प्रीमियर पद्मिनी १.४६ मीटर रुंद होती, अ‍ॅम्बॅसडर १.६८ च्या आसपास. आजची मर्सिडीज जीएलसी १.८९ मीटर, एक्ससी६० तर १.९०, आरसे उघडे धरले तर दोन्ही दोन मीटरच्या पुढे जातात. सात फुटी गेटातून त्या शिरतात, पण दोन्ही बाजूंना जेमतेम काही बोटांचे अंतर राहते; रस्ता आणि गेट यांमधल्या गटारावरच्या फरशीवर चाक नेमके बसवावे लागते, आणि आत भिंतीशी लागल्यावर मागचे दार अर्धेच उघडते. अर्ध्या दारातून आई उतरणार कशी? साडेचार मीटरच्या आसपासची, १.८५ मीटरच्या आत रुंदी असलेली गाडी, म्हणजे बीएमडब्ल्यू एक्स१ किंवा मर्सिडीज जीएलए या वर्गातली, इथे जास्त शहाणपणाची. यांतल्या बऱ्याच गाड्या चाकणला नाहीतर चेन्नईला जुळवल्या जातात, म्हणून पूर्ण आयात गाडीवरचे चढे सीमाशुल्कही टळते.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नये. गाडी घरी मागवावी, आईला मागे बसवावे, संध्याकाळच्या गर्दीत डीव्हीजी रोडवरून गांधी बाजाराचा फेरा मारावा, आणि परत येऊन गाडी स्वतःच्या गेटातून आत घालून मागची दोन्ही दारे पूर्ण उघडतात का ते पाहावे. कार्तिकातल्या कडलेकाई परिषेच्या, म्हणजे इथल्या शेंगांच्या जत्रेच्या, दिवसांत हे करता आले तर फारच उत्तम, कारण त्या गर्दीत जी गाडी चालवताना घाम फुटत नाही तिला पुढची दहा वर्षे चिंता नाही. विक्रेता याला नाही म्हणाला, तर बुकिंगची रक्कम खिशातच ठेवावी आणि दुसऱ्या शोरूमला फोन करावा.