‘केवळ संशोधनासाठी’ या लेबलाआड

‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नव्हे’ असे छापायचे आणि तीच कुपी वजन घटवू पाहणाऱ्या ग्राहकाला विकायची! अशा काही विक्रेत्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये ताकीदपत्रे धाडली. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड, रेटाट्रुटाइड ही पेप्टाइडे त्यांत होती. मात्र, हा प्रश्न निव्वळ कायद्यातील पळवाटेचा नाही. प्रयोगशाळेतील शुद्धता म्हणजे नेमके काय, हेच अनेकांना ठाऊक नसते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. घन आधारावर एकेक दुवा जोडत ती तयार करण्याची पद्धत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली. १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. परंतु प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तरी तीस जोडण्यांनंतर पूर्ण साखळ्या उरतात सुमारे ७४ टक्के. बाकीच्या तुटक साखळ्या शुद्धीकरणात काढाव्या लागतात आणि त्या सगळ्याच निघतात असे नाही.

हा उरलेला अंश किरकोळ नसतो. एचआयव्ही लशीच्या चाचण्यांसाठी वापरलेल्या कृत्रिम पेप्टाइडांतील भेसळीमुळे प्रतिकारपेशींचा खोटाच प्रतिसाद दिसल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने दाखविले होते. शिवाय ‘९८ टक्के शुद्ध’ हा आकडा फक्त पेप्टाइडांपुरता असतो. भुकटीतले पाणी व क्षार त्यात धरलेले नसतात. साहजिकच तराजूवरचा एक मिलिग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम पेप्टाइड नव्हे.

म्हणूनच जाणकार संशोधक कुपी उणे २० अंशांत ठेवतात आणि ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाहीत. अन्यथा थंड भुकटी हवेतली आर्द्रता शोषून घेते. द्रावणाचे छोटे भाग करून गोठवतात, कारण वारंवार गोठवणे-वितळवणे घातक. मेथिओनीन वा सिस्टीन असलेल्या साखळ्या तर हवेतल्या प्राणवायूनेही बिघडतात.

एवढे सांभाळूनही ती कुपी इंजेक्शनच्या योग्यतेची होत नाही. निर्जंतुकता आणि जिवाणूजन्य विषांची तपासणी या शुद्धतेच्या आकड्यात येतच नाही. प्रयोगशाळेत चूक झाली तर पेशींची एक बशी वाया जाते. इथे ते द्रावण थेट शरीरात जाते. ‘बीपीसी-१५७’ या पेप्टाइडावर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून बंदी घातली, अमेरिकी प्रशासनानेही २०२३ मध्ये त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका नोंदविली. ताकीदपत्रे मात्र विक्रेत्यांना जातात. कुपी आधीच विकत घेतलेल्या माणसापर्यंत ती पोहोचत नाहीत.