माशांचे रोग आणि मौनाचे अर्थकारण

गोठ्यातील गुरे आजारी पडली की गावभर बोभाटा होतो. शेततळ्यातील मासे मरू लागले की बहुधा उलट घडते. मत्स्यशेतकरी घाईने जाळे ओढतो, हाती लागेल तो माल मिळेल त्या भावाने विकतो आणि तळ्याचे पाणी ओढ्याला सोडून मोकळा होतो. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. बीज, खाद्य आणि कर्ज यांचा हिशोबच त्याला गप्प राहावयास सांगतो. गोड्या पाण्यातील मत्स्यरोगांचा प्रश्न जितका जीवशास्त्राचा, तितकाच या हिशोबाचा आहे.

या रोगांत दोन जाती विशेष उपद्रवी. पहिली परजीवींची. रोहू-कटल्याच्या अंगाला चिकटून रक्त शोषणारी ‘आर्ग्युलस’ ही माशांची ऊ नुसत्या डोळ्यांनीही दिसते. ती दगडांवर, खुंटांवर अंडी घालते; म्हणून तळ्यात बांबू रोवून, त्यांवर अंडी साचली की ते काढून वाळविणे हा तिच्यावरील एक साधा उपाय आहे. दुसरी जात विषाणूंची. विषाणू डोळ्यांना दिसत नाही आणि रोग तळ्यात शिरल्यावर त्यावर खात्रीचे औषधही नसते.

परंतु तळ्याला बांध असला तरी रोगाला तो नसतो. जपानमधील कासुमिगाउरा सरोवरात २००३ साली, आपल्याकडे ‘सायप्रिनस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्प माशांत नागिणीच्या कुळातील एक विषाणू पसरला आणि हजार टनांहून अधिक पाळीव मासे मेले. पुढच्याच वर्षी त्याच रोगाने बिवा सरोवरातील एक लाखाहून अधिक रानटी कार्प मेले. ते कोणाच्याच खतावणीत नव्हते. त्यांची नुकसानभरपाई मागणार तरी कोण?

नॉर्वेचा अनुभव याहून बोलका आहे. १९७५ च्या सुमारास बाल्टिक समुद्राकडील सामन माशांच्या पिलांबरोबर जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा एक परजीवी त्या देशात शिरला. बाल्टिकमधील माशांना तो सोसत होता, नॉर्वेतील सामनाला सोसला नाही. सुमारे पन्नास नद्यांत तो पसरला. मग सरकारने विष घालून नदीतील सगळे मासे मारावयाचे आणि जपून ठेवलेल्या वाणापासून पुन्हा नदी वसवावयाची, असा मार्ग पत्करला. हे काम अर्धशतक होत आले तरी पुरते संपलेले नाही. पिले आणल्याचा लाभ काहींचा, खर्च साऱ्या देशाचा!

आपल्याकडे हा धोका दूरचा नाही. इस्रायलमधील चिलापी माशांत २०१४ साली ओळखला गेलेला विषाणू अनेक देशांत आढळल्यावर २०१७ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने इशारा दिला. २०१८ पर्यंत तो भारतातही आढळल्याचे संशोधकांनी नोंदविले होते. उजनीसारख्या जलाशयात चिलापीवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. तेथे असा रोग शिरला, तर पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्याच्या आधी, ज्याच्याकडे होडी आणि जाळे यांखेरीज काही नाही तो बुडेल. हा विषाणू माणसाला बाधत नाही; परंतु अफवेने भाव कोसळतो, आणि ती भीतीही रोग लपविण्यास कारण होते.

सरकार स्वस्थ बसले आहे असे म्हणता येणार नाही. जलचरांच्या रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून सुरू झाला. २०२३ मध्ये रोगाची खबर देण्यासाठी मोबाइल अ‍ॅपही आले. परंतु खबर देणाऱ्याच्या पदरी काय पडते? माल अडतो, गिऱ्हाईक तुटते, कर्ज मात्र राहते. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मारलेल्या कोंबड्यांची भरपाई सरकारने दिली. माशांच्या बाबतीत तोच न्याय का नसावा?

भरपाईने निष्काळजीपणा वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही; म्हणूनच भरपाईला अटी हव्यात. बोटुकली तपासलेल्या बीजकेंद्रातून घेतल्याची नोंद, रोग दिसताच दिलेली खबर आणि अधिकाऱ्यांनी पाहणी करेपर्यंत अडवून ठेवलेले पाणी, या तीन गोष्टी ज्याने केल्या त्यालाच ती मिळावी. लपविणाऱ्याला मात्र दंड व्हावा.

आजच्या व्यवस्थेत प्रामाणिक माणूस बुडतो आणि गप्प राहणारा तरतो. हा हिशोब उलटविल्याखेरीज कोणतीही प्रयोगशाळा नद्यांचे रक्षण करू शकणार नाही. कारण तिच्या टेबलापर्यंत आजारी मासा पोहोचणारच नाही.