कपाटांत अडकलेल्या मैफली

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले आणि १९७९ ते १९८१ या काळात आणखी तीन संचांची त्यात भर पडली. वीज केंद्र म्हटले की तीन पाळ्या आल्या. ज्याला रात्री कामावर हजर व्हायचे आहे, त्याच्या नशिबी रात्रीची मैफल नसते. आणि पहाटे जो थकून परततो, तो भैरवी ऐकायला शहर गाठील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अशा वसाहतींतून शास्त्रोक्त संगीत पोचले ते आधी आकाशवाणीवरून आणि पुढे कॅसेटच्या द्वारा. त्यातही दुकानात मिळणाऱ्या कॅसेटपेक्षा एकाने दुसऱ्याकडून आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटला रसिकांच्या लेखी अधिक मोल असे. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढत जाई आणि तंबोरा मागे पडत जाई. तरीही ती ऐकली जाई, कारण तीत ध्वनिमुद्रिकेवरचे बेतशीर गाणे नव्हे, तर प्रत्यक्ष मैफल होती.

या मैफलींच्या मूळ फिती आजही कुठे ना कुठे आहेत. काही आकाशवाणीच्या संग्रहात, काही संगीतसंस्थांकडे, आणि फार मोठ्या संख्येने खाजगी संग्राहकांच्या कपाटांत. त्या प्रकाशित व्हाव्यात की नाहीत, झाल्यास कोणत्या रीतीने, हा प्रश्न वरवर केवळ शौकिनांचा वाटतो. वस्तुतः तो महाराष्ट्राच्या एका मोठ्या वारशाचा प्रश्न आहे आणि तो सोडविण्यास आता फारसा अवधी उरलेला नाही.

तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीने हिंदुस्थानी गायकीवर उपकार केले, यात शंका नाही. ती नसती तर अब्दुल करीम खाँ आजच्या पिढीला केवळ नावानेच ठाऊक राहिले असते. भास्करबुवा बखले यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९२२ साली ते निवर्तले आणि त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या गुरूचे गाणे कसे होते, हे आज केवळ आठवणी सांगणाऱ्या पुस्तकांतून कळते. परंतु तबकडीतला ख्याल म्हणजे तांब्यात भरून आणलेले गोदावरीचे पाणी. पाणी खरे, प्रवाह मात्र त्यात नाही. विलंबित लयीत रागाची एकेक पायरी चढत जाणे, एखादी जागा साधेपर्यंत तिच्याभोवती घोटाळणे, तबलजीशी होणारी नजरानजर, श्रोत्यांची दाद आणि त्या दादेने गायकाला आलेले बळ यांतले काहीही तीन मिनिटांत मावत नाही.

यासाठी नाशिकलाही दूर पाहण्याचे कारण नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी याच शहरात रामनाम आधार आश्रम स्थापन केला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचा आणि मृत्यू १९५५ मधला, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यांची भजने व छोटे ख्याल तबकड्यांतून घरोघर गेले. ‘बैजू बावरा’ या १९५२ च्या चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी तर ज्यांना रागाचे नावही सांगता येणार नाही अशांच्याही कानांत बसली. परंतु हा गायक तासभर एक राग कसा मांडीत असे, हे ज्या मोजक्या दीर्घ ध्वनिमुद्रणांवरून कळते, ती नसती तर गोड गळ्याचा भजनगायक एवढीच त्यांची ओळख शिल्लक राहिली असती. एखाद्या कलावंताविषयीचे मत पालटून टाकण्याची शक्ती मैफलीच्या एका फितीत असते, ती अशी.

१९५० नंतर स्पूलवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे सधन रसिकांच्या घरी येऊ लागली. यजमानाच्या दिवाणखान्यात एक ध्वनिक्षेपक गायकापुढे ठेवावा आणि फीत संपली की घाईने बदलावी, असा तो मामला असे. बदलताना निसटलेली दोन-तीन आवर्तने कायमची निसटली! या मंडळींनी पदरचा पैसा खर्चून जे जतन केले, त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. आकाशवाणीच्या केंद्रांवर तर फितींच्या टंचाईपायी ध्वनिमुद्रणे पुसून त्याच फिती पुन्हा वापरण्याची रीत होती. शासकीय यंत्रणेने पुसले ते काही वेळा हौशी माणसाने राखले, असे त्यामुळे घडले.

परंतु राखणदार आणि मालक यांत फरक आहे. अमुक गायकाची तमुक रात्रीची फीत आपल्याखेरीज कोणाजवळही नाही, यात धन्यता मानणारा एक वर्ग या क्षेत्रात फार काळ नांदला. फीत द्यायची तर बदल्यात तितकीच दुर्मिळ दुसरी हवी, आणि पुढे कोणाला देणार नाही अशी शपथही हवी. किंबहुना काही संग्रहांत ऐकण्यापेक्षा लपविण्याचाच आनंद मोठा असावा. फितीला मात्र या मानापमानाशी कर्तव्य नसते. चुंबकीय कण ज्या लेपाने फितीला चिकटलेले असतात तो दमट हवेत पाणी शोषतो, चिकट होतो आणि यंत्रावर चढविताच खरवडून निघू शकतो. वर्षानुवर्षे न उलगडलेल्या फितीत एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. फीत शाबूत असली तरी ती वाजविणारे यंत्र सुस्थितीत मिळत नाही, आणि गती किंचित चुकली तरी गायकाचा स्वर बदलतो. काळी चारमध्ये गाणारा माणूस पाचमध्ये गाऊ लागतो आणि तेच पुढे प्रमाण मानले जाते.

प्रकाशनाविरुद्धचा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. गायक त्या रात्री समोरच्या शंभर माणसांसाठी गायला होता. ते गाणे कायमचे व्हावे अशी त्याची इच्छा होती काय? केसरबाई केरकर यांचा मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला असलेला विरोध प्रसिद्ध आहे. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीत त्यांचे भैरवीतले साडेतीन मिनिटांचे गाणे समाविष्ट झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या. सूर्यमालेबाहेर पोचलेल्या या गायिकेच्या पूर्ण मैफली पृथ्वीवर मात्र मिळणे कठीण, हा योगायोग चटका लावणारा आहे. पण तो त्यांनी स्वतः पत्करलेला होता. ज्या कलावंताने हयातीत स्पष्ट नकार दिला, त्याच्या चोरून केलेल्या मुद्रणाचा बाजार मांडणे गैरच होय. ते जतन व्हावे, संस्थेत बसून अभ्यासकाला ऐकता यावे, एवढीच त्याची मर्यादा असावी. ज्यांनी समोर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाला हरकत घेतली नाही, त्यांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप फार ताणता येत नाही. वार्धक्याने आवाज गेलेल्या गायकाची केवळ अगतिकता दाखविणारी फीत बाहेर न आणण्याचा विवेक अर्थातच हवा.

अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाचा अनुभव येथे पाहण्याजोगा आहे. श्रोत्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याला या मंडळींनी मज्जाव तर केला नाहीच, उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवली. पुढे १९९३ मध्ये डिक लॅटव्हाला या त्यांच्या संग्रहपालाने निवडलेल्या जुन्या कार्यक्रमांची मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत तिचे ३६ खंड निघाले. मुद्रणातील दोषांची पूर्वसूचना ग्राहकाला वेष्टनावरच दिलेली असे. कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७ च्या त्यांच्या कार्यक्रमाच्या मूळ फिती तर गोदामाचे भाडे थकल्याने लिलावात परक्या हाती गेल्या होत्या. त्या परत मिळवून २०१७ मध्ये तो कार्यक्रम अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. श्रोत्यांनी आपसांत फिरविलेल्या प्रतींमुळे तोवर तो दंतकथेइतका प्रसिद्ध होताच. तरीही अधिकृत प्रकाशनाला गिऱ्हाईक कमी पडले नाही.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. कॅसेटच्या जमान्यात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शरच्चंद्र आरोलकर, गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या, मोठ्या कंपन्यांना फारसा व्यापारी लाभ न दिसणाऱ्या गायकांचे गाणे श्रोत्यांपुढे आणले. आकाशवाणीनेही २००३ पासून आपल्या संग्रहातील निवडक मुद्रणे विक्रीस काढली. पण साठा केवढा आणि बाहेर आले किती, याचा मेळ बसत नाही. दरम्यान आंतरजालावर मैफलींचा पूर लोटला आहे. त्यात रागाचे नाव चुकलेले, साल नाही, स्थळ नाही आणि तबल्याच्या साथीला कोण होते याचा पत्ता नाही. कपाटे उघडली, पण ती अशी भंगाराच्या गाडीवर उलथी केल्यासारखी!

अधिकृत प्रकाशन हवे ते यासाठी. मैफल पूर्ण द्यावी. कॅसेटची बाजू तीस मिनिटांची म्हणून पूर्वी आलापी कापली जाई, ती सबब आता उरलेली नाही. तंबोरे जुळविण्याचा वेळ, मधली ‘वाहवा’, कोणाचा खोकला, यांतले काहीही गाळण्याचे कारण नाही. खरखर घालविण्याच्या नादात तंबोऱ्याची झंकारही पुसून टाकणारी आधुनिक सफाई तर नकोच. आणि पैशाचा हिशेब उघड असावा. गायक-वादकाच्या सादरीकरणाला भारतीय कायद्याने स्वतंत्र हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने, मानधनातील वाट्याची तरतूद झाली ती २०१२ मध्ये. १९६० किंवा १९७० मधल्या मैफलीतील तबलजी आणि पेटीवादक यांच्या वारसांना कायदा फारसा उपयोगी पडणार नाही. प्रकाशकाने तो वाटा कायद्याची वाट न पाहता द्यावयाचा आहे, आणि वेष्टनावर त्यांची नावे गायकाच्या नावाखालोखाल स्पष्ट छापावयाची आहेत.

आणखी एका कारणाने या फितींना आज वेगळे महत्त्व आले आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून रात्र रात्र चाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास बंदी झाली आणि रात्रभराची मैफल हळूहळू अपवाद होऊन बसली. नियम योग्यच होता. शेजारच्या आजाऱ्याला झोप हवी असते. पण दरबारी मध्यरात्री आणि ललत पहाटे, प्रत्यक्ष त्या त्या प्रहरी जागलेल्या श्रोत्यांपुढे गायला जातो तेव्हा काय घडते, हे आजच्या संगीताच्या विद्यार्थ्याला बव्हंशी जुन्या फितीवरूनच कळू शकते.

या कामाला सर्वांत निकड आहे ती माणसांमुळे. जुन्या स्पूलच्या खोक्यांवर पुष्कळदा रागाचे नाव आणि अर्धवट पुसलेली तारीख एवढेच असते. चार बोल ऐकून तबलजी कोण ते सांगणारे, समेवर आलेली दाद कोणाच्या दिवाणखान्यातली हे ओळखणारे श्रोते आज ऐंशीच्या पुढे आहेत. संगीतसंस्थांनी त्यांच्या घरी यंत्र घेऊन जावे, फीत ऐकवावी आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. एवढ्या कामाला शासनाच्या अनुदानाची गरज पडत नाही.