दोघांत एक जगज्जेता

जगज्जेतेपदाला एकच धनी असतो, ही समजूत बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, ‘फिडे’ने, ३१ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये मोडीत काढली. काही मिनिटांत संपणाऱ्या डावांच्या ‘ब्लिट्झ’ स्पर्धेची ती अंतिम लढत. मॅग्नस कार्लसनने पहिले दोन डाव जिंकले. इयान नेपोम्नियाचीने पुढचे दोन जिंकून हिशेब चुकता केला. मग ‘जो जिंकेल तो विजेता’ या बोलीवर झालेले तीनही डाव बरोबरीत सुटले. पुढचा डाव मांडण्याऐवजी कार्लसनने सुचवले, विजेतेपद वाटून घेऊ. नियमांत अशी सोय नव्हती. तरी ‘फिडे’ने तिथल्या तिथे मान डोलावली!

नंतर एक चित्रफीत फिरली. संघटना नाही म्हणाली, तर ती कंटाळेपर्यंत आपण झटपट बरोबऱ्या करत राहू, असे कार्लसन नेपोम्नियाचीला सांगताना तीत दिसतो. तो विनोद होता, असा खुलासा त्याने केला. असेलही. पण असला विनोद दुसऱ्या कुणाला परवडला नसता, आणि त्याचा दाखला नेपोम्नियाचीच देऊ शकेल. आदल्या वर्षी समरकंदमध्ये, याच ब्लिट्झ स्पर्धेत, त्याने आणि दानिल दुबोवने प्याद्यांना हात न लावता नुसते घोडे फेर धरून नाचवले आणि बरोबरी करून दोघे उठले. संगनमत उघड होते. पंचांनी दोघांच्याही नावावर शून्य मांडले, आणि ते योग्यच होते. वर्षभराने ठरवून केलेल्या वाटणीला सुवर्णपदक मिळाले. फरक एवढाच, की या वेळी समोर कार्लसन होता.

जीन्सचे प्रकरण न्यूयॉर्कमधल्या त्याच आठवड्यातले. जलद स्पर्धेत कार्लसन जीन्स घालून आला. २०० डॉलर दंड झाला, कपडे बदलायला सांगितले गेले. ‘आज नाही’ म्हणून तो अडून बसला, नवव्या फेरीतून वगळला गेला आणि ती स्पर्धाच सोडून गेला. त्याच दिवशी खेळाचे बूट घातले म्हणून नेपोम्नियाचीलाही दंड झाला होता. तो बिचारा बूट बदलून आला आणि खेळला. दोनच दिवसांत ‘फिडे’ने पोशाखाचा नियम सैल केला, जॅकेटला शोभेल अशी जीन्स चालेल म्हणून! नियम मुळात खुळचट होता, यात वाद नाही. पण तो खुळचट असल्याचा साक्षात्कार एकाच्या रुसव्यानंतर व्हावा?

कारण उघड आहे. अभिजात प्रकाराचे जगज्जेतेपद कार्लसनने २०२३ मध्ये आपणहून सोडले, ‘फ्रीस्टाइल’ बुद्धिबळाचा वेगळा संसार मांडायला घेतला, आणि तरी प्रेक्षक अन् प्रायोजक त्याच्याच मागे आहेत. तो नसेल तर स्पर्धेची रया जाते, ही ‘फिडे’ची धास्ती. न्यूयॉर्कच्या लढतीच्याच महिन्यात, १२ डिसेंबरला, गुकेशने सिंगापूरमध्ये चौदाव्या डावात डिंग लिरेनला हरवून अभिजात जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा ‘कार्लसनला कुठे हरवलंय?’ म्हणून नाके मुरडणारे कमी नव्हते. गादी सोडून गेलेल्याला त्या गादीसाठी हरवायचे तरी कसे? गुकेशच्या पदाची वैधता पटावर सिद्ध झालेली आहे. शंका घ्यायचीच, तर ती न्यूयॉर्कच्या जोड-जगज्जेत्यांबद्दल घ्यावी.

निकाल लागत नाही म्हणून अडलेली ही पहिलीच लढत नव्हे. अभिजात जगज्जेतेपदाची कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढत ४८ डावांनंतरही निकालाविना रेंगाळली, तेव्हा, फेब्रुवारी १९८५ मध्ये, ‘फिडे’चे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी ती गुंडाळली. त्या निर्णयावर आजही टीका होते. पण तेव्हासुद्धा पद वाटले गेले नाही; त्याच वर्षी नवी लढत झाली आणि कास्पारोव्ह जिंकला.

इतके मागे जायचीही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी महिलांची अंतिम लढतही ठरलेल्या चार डावांत २-२ अशी अडली होती. जू वेनजुन आणि ले टिंगजी निकाल लागेपर्यंत खेळल्या, आणि जू वेनजुन ३.५-२.५ अशी जिंकली.