तालीम : गळ्याची आणि देहाची

गवई शिष्याला देतो ती तालीम, आणि मल्ल जेथे घाम गाळतो तीही तालीमच. गायनातला उस्ताद आखाड्यात वस्ताद होतो. मराठी भाषेने हा शब्दसंबंध उगीच जोडलेला नाही.

रियाज म्हणजे केवळ पुनरावृत्ती नव्हे. पहाटे खर्ज भरावयाचा, मग एकच पलटा संथ लयीत घोटावयाचा. तो निर्दोष झाल्यावाचून लय वाढवावयाची नाही. स्वर जेथे हुकतो, तेवढाच तुकडा वेगळा काढून पुन्हा म्हणावयाचा. ही शिस्त ज्याच्या अंगी बाणली, तो मैदानात उतरला तर डावही याच रीतीने शिकतो. गळ्यातली हरकत पायात उतरत नाही, हे उघड आहे. उतरते ती स्वतःची चूक ओळखण्याची सवय, आणि कंटाळ्याशी केलेला सलोखा. शिवाय बसलेला आवाज गवयाला थांबावयास शिकवतो. दुखऱ्या खांद्याने जोर काढणाऱ्या उत्साही पोरांना हे शहाणपण फार उशिरा येते.

परंतु या शिस्तीला निव्वळ चारित्र्याचा गुण मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. शिस्तीला वेळ लागतो, खुराक लागतो आणि चूक दाखवणारा जाणता माणूस लागतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही साधने होत, आणि त्यांची वाटणी विषम आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला, तसेच मल्लांसाठी खासबागेचे मैदानही उभारले. (राजेशाहीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही.) गायकी आणि कुस्ती एकाच नगरीत बहरल्या, त्यामागे पोटाची चिंता हलकी करणारी व्यवस्था होती. १९४९ साली संस्थान विलीन झाले. राजकृपेची जागा नागरिकाच्या हक्काने घ्यावयास हवी होती. प्रत्यक्षात १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना वर्गणी जमवावी लागली. ते कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा मिरवणूक मात्र थाटात निघाली!

राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर कवायत आणि गाणे शेजारी शेजारी नांदले, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. लेझीम हाती घेतलेल्या मुलाला ठेका आणि दमसास एकदमच सांभाळावा लागतो. आज मात्र खाजगी वर्गाची फी भरू शकणाऱ्याच्या मुलाला रियाजही मिळतो आणि मैदानही. पाळीवर राबणाऱ्या आईबापांच्या मुलाला बहुधा दोन्ही नाही. नगरपालिकांच्या कितीतरी शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. तेथे पेटी-तबला, एक मॅट आणि दोन पगारी शिक्षक, एवढ्या मागणीसाठी कार्यकर्त्यांनी वॉर्डावॉर्डांतून सह्या गोळा करावयास हरकत नसावी.