खुशाली कळवण्याचा खर्च

हल्ली शहरातल्या कितीतरी घरांत इंजिनिअर मुलगा किंवा सून जेवताना म्हणते, "या महिन्यात क्लाउडचे बिल फार आले." सासूबाई खिडकीबाहेर आकाशाकडे पाहतात. क्लाउड म्हणजे ढग हे खरे. पण हा ढग पाऊस पाडत नाही, पैसे शोषून घेतो! दुसऱ्याचे संगणक भाड्याने घ्यायचे आणि वापरले तेवढे पैसे मोजायचे, एवढाच त्याचा अर्थ. विजेच्या मीटरसारखाच हा व्यवहार. विनाकारण जळणाऱ्या दिव्याचेही पैसे पडायचेच.

एक उदाहरण घेऊ. बाळांच्या लसी ज्या फ्रिजमध्ये ठेवतात, त्याचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस असावे लागते. समजा, एका जिल्ह्यातल्या अशा १०० फ्रिजना सेन्सर बसवले आणि साहेबांच्या टेबलावरच्या पडद्यावर, म्हणजे डॅशबोर्डवर, आकडे सतत दिसू लागले. दर सेकंदाला एक निरोप धरला तर एका फ्रिजचे दिवसाला ८६,४०० निरोप होतात. शंभर फ्रिजचे महिन्याला सुमारे २६ कोटी! आणि त्यांतल्या बहुतेकांत मजकूर काय? 'चार अंश, चार अंश, चार अंश.'

आता काटकसर कुठे करायची ते पाहू. अ‍ॅमेझॉनच्या 'आयओटी कोअर' या सेवेत निरोपाचे माप ५ किलोबाइटचे आहे. ५० बाइटचा चिमुकला आकडा पाठवला तरी पुरे एक माप धरले जाते. हे म्हणजे एकेका शब्दाला एकेक पोस्टकार्ड! त्याऐवजी मिनिटाभराचे साठ आकडे एकत्र बांधले तर ते जेमतेम ३ किलोबाइट भरतात आणि एकाच मापात बसतात. २६ कोटींचे ४३ लाख झाले, आणि एकही आकडा गाळावा लागला नाही.

दुसरी गळती डॅशबोर्डाची. वीस जणांचे वीस पडदे दर सेकंदाला तोच हिशेब नव्याने मागत असतात. रात्री कचेरीत कुणी नसले तरी उघडा राहिलेला पडदा मागतच राहतो. हिशेब मिनिटाला एकदा करावा आणि तोच सर्वांना द्यावा. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचले की घरातल्या दहांना ऐकू येते. दहा प्रती कशाला घ्यायच्या?

तिसरी अडगळीची. प्रत्येक सेकंदाचा आकडा वर्षानुवर्षे भाड्याच्या जागेत ठेवण्यात अर्थ नसतो. काही आठवड्यांनंतर तासातासाचा गोषवारा पुरतो.

परंतु काटकसर वेगळी आणि कंजूषपणा वेगळा. गोषवाऱ्यात नुसती सरासरी ठेवलीत तर फसाल. तासातली चाळीस मिनिटे ५ अंश आणि वीस मिनिटे उणे १ अंश असे तापमान राहिले, तर सरासरी येते ३ अंश. कागदावर सारे ठीक! प्रत्यक्षात मात्र कावीळ-ब आणि धनुर्वाताच्या लसी गोठल्या की निकामी होतात, आणि ती सुई कुणाच्या तरी बाळाला टोचली जाते. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही जपावा. मर्यादा ओलांडली गेली, तर मिनिटाच्या गठ्ठ्याची वाट न पाहता तो निरोप तत्काळ धाडावा.

'बदल झाला तरच कळव' अशी ताकीद देऊनही निरोप पुष्कळ वाचतात. पण मग शांतता म्हणजे खुशाली, की सेन्सरच बंद पडला? परगावी गेलेला मुलगा 'मी खुशाल आहे' एवढ्या दोन ओळी अधूनमधून टाकतो, तशी सेन्सरलाही ठरावीक वेळाने खुशाली कळवायला सांगावी.

हे शहाणपण नवे नव्हे. सेन्सरांचे निरोप नेणारी एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ साली तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी निघाली. उपग्रहामार्फत निरोप धाडणे तेव्हा फार महाग होते. म्हणून तिच्या निरोपाचे शीर्षक अवघ्या दोन बाइटांपासून सुरू होते. शिवाय तिच्यात यंत्राला आपले 'मृत्युपत्र' आधीच लिहून ठेवता येते. ते अचानक गप्प झाले तर मधला सर्व्हर ते मृत्युपत्र सर्वांना वाचून दाखवतो!

तेव्हा पाडव्याला नवी वही घालताना सुनेला एवढेच सांगा: मोजावे सेकंदाला, कळवावे मिनिटाला, पण दूध उतू जाऊ लागले, तर मिनिटाची वाट पाहू नये.